आधी जोहार, मग कॅमेरा

कचारगडच्या मोठ्या गुहेत मी काढलेले पहिले सदतीस फोटो वाया गेले. निम्म्यांत गुहेचं तोंड चुन्यासारखं पांढरंफटक आणि आतला खडक काळाठिक्कर. उरलेल्यांत खडक दिसत होता, पण छताच्या भगदाडातून येणाऱ्या उन्हाने चित्राच्या मधोमध जळल्यासारखा डाग पाडलेला. वाट दाखवायला धनेगावहून आलेल्या पोराने कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, डोऱ्याले दिसते तसं नाही येऊन रायलं."

फोटोग्राफीच्या वर्गात जे शिकायला दोन महिने लागतात ते त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. ऊन आणि अंधार एकाच वेळी समोर असले तरी डोळा दोन्ही सांभाळून घेतो. नजर इकडून तिकडे जाते तशी बाहुली आकसते, फैलावते आणि मेंदू तुकडे जोडून एक चित्र उभं करतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी एकच काय ते ठरवावं लागतं: उजेड राखायचा की सावली. मी दोन्ही राखायला गेलो आणि दोन्ही घालवून बसलो.

गोंदिया जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला भात, राईस मिल आणि नागझिऱ्याचं जंगल आठवतं. पक्ष्यांच्या वेड्यांना सारस. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे महाराष्ट्राचा पूर्वेकडचा उंबरठा. वर मध्य प्रदेशातलं बालाघाट, उजवीकडे छत्तीसगड. त्या उंबरठ्याच्या अगदी कडेला सालेकसा तालुका आणि त्याच्या डोंगरात कचारगड. गोंदियापासून सुमारे ५५ किलोमीटर, सालेकशापासून सातेक. जायला उत्तम वाहन म्हणजे डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर. मुंबई-हावडा मार्गावरच्या मेल-एक्सप्रेस धडधडत पुढे निघून जातात. पॅसेंजर मात्र गुदमा, आमगाव, धानोली असं प्रत्येक ठिकाणी विचारपूस केल्यासारखी थांबत सालेकशाला पोचवते. पुढचं स्टेशन दरेकसा. तिथे डोंगर रुळांच्या इतक्या जवळ येतात की रेल्वेला बोगदा खोदावा लागला. त्यापुढे बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड.

मी पहिल्यांदा गेलो ते डिसेंबरात. धान कापून झालं होतं, खळ्यांवर मळणी चालू होती आणि कापलेल्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार उभी होती. धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर लाखोळी फेकून द्यायची आणि धान निघालं की तिला मोकळं रान द्यायचं, ही झाडीपट्टीची जुनी रीत. स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खाल्ले आणि ऑटोने धनेगाव गाठलं. तिथून पुढे पायवाट, मग जंगल, मग चढ.

हा डोंगर सह्याद्रीच्या भावकीतला नव्हे. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या बेसाल्टात कोरली तो लाव्हाचा थर नागपूरच्या आसपासच संपतो. पूर्वेला जाल तसे खडक बदलतात, वयाने फार फार मोठे होतात. डोंगरगड-दरेकसा पट्ट्यातले खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यापुढे सहा-साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट म्हणजे कालचं पोर. दुसरा फरक फोटो काढणाऱ्याला जास्त जाणवतो. लेण्यात छिन्नीची रेघ असते, काटकोन असतो, खांब असतात. त्यामुळे चौकट आपोआप जुळते. कचारगडची गुहा कुणी कोरलेली नाही. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळत नाही. कॅमेरा सरळ धरला आहे की तिरका, हे ठरवायला एक सरळ रेषासुद्धा सापडत नाही.

चढ फार नाही, पण दम लागतो. साग, साजा, मोह, तेंदू. वाटाड्या पोरगा पुढे, मी मागे, ट्रायपॉड खांद्यावर. वाटेत त्याने तीन गोष्टी बजावल्या. गुहेशी चपला काढायच्या. कड्याला मोहोळ दिसलं तर आवाज करायचा नाही आणि अंगाला अत्तर असेल तर आत्ताच सांगायचं. तिसरी गोष्ट सांगताना तो थोडा अडखळला. "आत कोनी गोंगो करत असन, तं कॅमेरा बंद."

गोंगो म्हणजे पूजा. पेन म्हणजे देव. जय सेवा किंवा सेवा जोहार म्हणजे रामराम. एवढे तीन-चार शब्द घेऊन मी आत गेलो.

मग एकदम समोर ते तोंड. झाडी संपते आणि डोंगराने जांभई द्यावी तशी गुहा उघडते. आत माणूस गेला की तो केवढासा होतो हे पाहायचं, तर कुणाला तरी आत उभं करावं लागतं. त्याशिवाय फोटोत ती गुहा वीतभर कपारीएवढी दिसते. मी पोराला विचारलं, उभा राहशील का? तो राहिला. पाठमोरा. तोंड दाखवायचं नाही, हेही त्याने स्वतःच ठरवलं. माझा त्या दिवसाचा बरा फोटो तोच आहे: छताच्या छिद्रातून येणाऱ्या उजेडाच्या काठावर उभी एक बारीक काळी आकृती.

जिल्ह्याच्या पर्यटन-माहितीत या गुहा २५,००० वर्षांपूर्वीच्या नैसर्गिक गुहा म्हणून येतात. डोंगरावर येणाऱ्या गोंड माणसाला त्या आकड्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी ही त्याच्या माणसांच्या सुटकेची जागा आहे.

कथा अशी. कली कंकालीची तेहतीस लेकरं. आडदांड, कुणाला न आवरणारी. त्यांचा उच्छाद वाढला तेव्हा शंभूने त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. आई रडरडून झुरली. पुढे पारी कुपार लिंगो या ज्ञानी पुरुषाने सुटकेचा विचार केला, पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा वादक पुढे झाला. त्याच्या किंगरीचे सूर आत पोचले, कोंडलेल्या पोरांच्या अंगात बळ आलं. आतून त्यांनी रेटलं, बाहेरून हिरासुकाने. शिळा घरंगळली आणि तिच्याखाली हिरासुकाच चिरडला गेला. पोरं सुटली. जंगो रायताडने त्यांना आईसारखं सांभाळलं, लिंगोने शिकवलं, गोत्रं वाटून दिली. गोंड परंपरेत ७५० गोत्रं मोजतात. प्रत्येक गोत्राने एक झाड, एक पक्षी, एक प्राणी राखायचा, त्याला इजा करायची नाही. जंगल वाचवण्याची याहून सोपी वाटणी मी ऐकलेली नाही.

कथेचे पाठ ठिकठिकाणी वेगळे आहेत. पण गुहा, शिळा आणि लिंगो सगळ्यांत आहेत. स्टीफन हिस्लॉप या नागपुरात राहिलेल्या स्कॉटिश मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात प्रधान गायकांकडून लिंगोचं गाणं उतरवून घेतलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलने १८६६ साली ते छापलं. त्यात कोंडलेल्या गोंडांच्या जागेचं नाव येतं, कचिकोपा लोहागड. ही जागा नेमकी कोणती, यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा रोख सातपुड्याकडे, महादेवाच्या डोंगरांकडे होता. १९८०च्या दशकात नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली, 'गोंडवाना दर्शन'चे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांचे मोजके सोबती या डोंगरात आले आणि कथेतली जागा हीच असं त्यांनी मांडलं. तेव्हा मूठभर माणसं आली होती. आज माघी पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशातून लाखोंनी येतात. एका पुस्तकातल्या नावापासून एवढी मोठी यात्रा उभी राहिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गोंगो चालू असेल तर कॅमेरा बंद, हे त्या पोराने सांगितलं तेव्हा मला दुसराच एक वाटाड्या आठवला होता.

माझी बहीण अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना आम्ही पाच-सहा तास गाडी हाकत चिनली या गावी गेलो, कॅन्यन द शे पाहायला. तांबड्या वालुकाश्माच्या शेकडो फूट उभ्या भिंती आणि त्यांच्या पोटातल्या कपारींत बांधलेली दगडी घरं. नाव स्पॅनिश-फ्रेंच वाटतं, पण ते नावाहो भाषेतल्या त्सेयी या शब्दाचा अपभ्रंश. अर्थ, खडकाच्या आत. ही घरं नावाहोंनी बांधलेली नाहीत. ती त्यांच्या आधीच्या, आजच्या पुएब्लो लोकांच्या पूर्वजांची. त्यांतलं व्हाइट हाउस नावाचं घर साधारण अकराव्या ते तेराव्या शतकातलं. जुन्या वळणाचे नावाहो त्या घरांत पाऊल टाकत नाहीत; मेलेल्यांची जागा आहे, तिला छेडू नये.

हे ठिकाण १९३१पासून राष्ट्रीय स्मारक आहे. तिथली गंमत अशी की जमीन सरकारची नाही, नावाहोंची आहे. उद्यान खातं देखभाल करतं, पण खोऱ्याच्या तळाशी आजही नावाहो कुटुंबांची शेतं आहेत, घरं आहेत. त्यामुळे खाली उतरायचं तर नावाहो वाटाड्या लागतो. आमच्या वाटाड्याने जीप सुरू करण्याआधीच सांगितलं: खडकाचे फोटो हवे तितके काढा, माणूस, घर, गुरं दिसली तर विचारल्याशिवाय नाही.

त्याच्या या नियमामागे इतिहास आहे. १८६४च्या हिवाळ्यात किट कार्सनच्या फौजा या खोऱ्यात घुसल्या. पुढे पीचच्या बागा तोडल्या गेल्या आणि हजारो नावाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या छावणीत नेऊन कोंडलं. १८६८च्या तहाने ते परत आले. पाचच वर्षांनी, १८७३ साली, सरकारी पाहणी पथकासोबत टिमथी ओसलिव्हन कॅमेरा घेऊन आला आणि त्याने व्हाइट हाउसचा तो प्रसिद्ध फोटो काढला. सुमारे सत्तर वर्षांनी अॅन्सेल ॲडम्स जवळजवळ त्याच जागी उभा राहिला. दोन्ही फोटो थोर आहेत. दोन्हींत भव्य खडक आहे आणि खोऱ्यात राहणारा माणूस एकही नाही. जग ही जागा रिकामी समजत राहिलं, त्यात अशा फोटोंचा वाटा असणारच.

त्याच दौऱ्यात पेज गावाजवळचं अँटिलोप कॅन्यन पाहिलं. तेही नावाहोंचंच, तिथेही वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. पुराच्या पाण्याने वालुकाश्म घासून केलेली अरुंद, पीळदार चीर. उन्हाळ्यात दुपारच्या सुमाराला वरच्या फटीतून उन्हाचे खांब खाली उतरतात. उन्हाचा झोत मुळात दिसत नसतो. हवेत धूळ असेल तरच तो दिसतो. म्हणून वाटाडे मूठभर वाळू उडवतात आणि पर्यटकांचे कॅमेरे कडकडतात. एके काळी तिथे खास फोटोवाल्यांच्या, ट्रायपॉड घेऊन जायच्या फेऱ्या असत. गर्दी आणि तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९च्या अखेरीस त्या बंद झाल्या. आता ट्रायपॉडही नाही.

तिथे नियम पाटीवर लिहिलेले आहेत, परवाने आहेत, दंड आहे. कचारगडला तसली पाटी मला दिसली नाही. तिथला नियम एका वीस वर्षांच्या पोराच्या तोंडी होता, तोही अडखळत सांगितलेला. पाटी नसली की शहरी माणूस मोकळं रान समजतो. माझाही समज तसाच असता, चिनलीचा तो वाटाड्या आधी भेटला नसता तर.

दुसऱ्यांदा गेलो ते माघी पौर्णिमेला. डिसेंबरात जिथे पानाचा आवाज येत होता तिथे आता पाऊल ठेवायला जागा नव्हती. धनेगावपासून वाटेच्या दोन्ही अंगांना दुकानं: पुस्तकं, गोंडी दिनदर्शिका, पिवळे गमछे, सप्तरंगी झेंडे. ढोलाच्या तालावर रेला नाचणाऱ्या पोरी. डोक्यावर गाठोडं घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या. गोंडी, छत्तीसगडी, हिंदी, झाडीबोली, तेलुगू, सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि सगळ्यांत समान शब्द एकच: जय सेवा.

इथे फोटो काढणं सोपं होतं, कारण लोक स्वतःच बोलावत होते. "माहा बी काढा" म्हणत पोरंसोरं पुढे. पिवळा फेटा बांधलेल्या एका मामांनी तर काठी सरळ धरून, मिशीवर हात फिरवून, तीन वेळा काढायला लावला आणि शेवटचा पसंत केला. यात्रेतला माणूस नटून येतो, त्याला दिसायचं असतं. फक्त मोठ्या भिंगाने लांबून चोरून टिपण्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन विचारलं की चेहरा वेगळा येतो. लांबून टिपलेल्या चेहऱ्यावर थकवा असतो, विचारून काढलेल्या चेहऱ्यावर रुबाब.

मग गुहा. रांगेतून आत गेलो, एका कडेला खडकाला पाठ लावून उभा राहिलो. या खेपेला तयारी पक्की होती. उजेड जळू द्यायचा नाही म्हणून मोजमाप उन्हाच्या डागावर घेतलं. सावलीतला तपशील पुढे जुळवता यावा म्हणून एकाच चौकटीचे कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो काढायचं ठरवलं. गर्दीत ट्रायपॉड म्हणजे लोकांच्या पायातला अडथळा, म्हणून तो खालीच ठेवला होता. कॅमेरा खडकावर टेकवला, श्वास रोखला. पण झोत काही दिसेना. उजेड होता, पण वरून खाली येणारा त्याचा खांब हवेत उमटत नव्हता.

तेवढ्यात माझ्यापासून दहा हातांवर एका कुटुंबाने गोंगो मांडली. म्हातारबाबा, दोन सुना, एक लहानगी. निखाऱ्यावर राळ टाकली. धूर आधी जमिनीलगत घुटमळला, मग वर चढला आणि छतातून उतरणाऱ्या उन्हाला लागला. त्या क्षणी झोत दिसला. छतापासून खालपर्यंत, राखाडी-सोनेरी, हळूहळू वळणारा. अँटिलोप कॅन्यनमध्ये वाळू उडवून जे करतात ते इथे आपोआप झालं होतं, आणि त्याच्या खाली ते चौघं हात जोडून बसले होते.

कॅमेरा रोखलेलाच होता. बोट बटणावर. म्हातारबाबांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. नुसता तळहात जरा उचलला आणि म्हणाले, "होऊ द्या ना बाप्पा."

मी कॅमेरा खाली घेतला. गोंगो सात-आठ मिनिटं चालली असेल. उठल्यावर बाबांनी स्वतःहून हाक मारली, "आता काढा." तोवर राळ विझत आली होती, झोत विरला होता. मी त्या चौघांचा फोटो काढला. मागे धुराची पुसट रेघ आहे. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. लहानगीने डोळे मिटले आहेत. चुकलेला फोटो आहे, पण पुढच्या वर्षी यात्रेत त्याची प्रत बाबांना द्यायची म्हणून छापून ठेवला आहे. प्रत दिल्याशिवाय फोटो पूर्ण झाला असं मी आता मानत नाही. नेणारे पुष्कळ, आणून देणारे कमी, ही तक्रार मी धनेगावातही ऐकली आणि चिनलीतही.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि जंगल दाट. मात्र दरेकशाजवळचा हाजरा फॉल त्याच दिवसांत भरून वाहतो. गुहेच्या फोटोंसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. हवा स्वच्छ, ऊन तिरपं, चढ सोसवतो. रुंद भिंग न्या, पण सोबत एखादा माणूस चौकटीत घ्या, नाहीतर आकाराचा अंदाज येणार नाही. फ्लॅश नेऊच नका. एवढ्या मोठ्या पोकळीत तो दहा हातांपलीकडे पोचत नाही, वटवाघळं बिचकतात आणि पूजेतल्या माणसाच्या डोळ्यांवर उगाच वीज पडते. पाणी बरोबर ठेवा, प्लास्टिक परत आणा. वाटाड्या धनेगावातलाच घ्या. त्याला रोज द्या आणि त्याचं ऐका.

शांतता हवी असेल तर डिसेंबरात जा, माणसं पाहायची असतील तर माघी पौर्णिमेला. कधीही गेलात तरी गुहेच्या तोंडाशी चपला काढा आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला जय सेवा म्हणा. कॅमेऱ्याची पिशवी त्यानंतर उघडा.